इंडस्ट्रियल मेटलवाले कायम मिलिटरी बूट आणि गणवेशातच का दिसतात?

कारण यंत्रांसारखे आवाज आणि जड गिटार यांची सरमिसळ असलेलं हे संगीत कारखान्यातून आलं, आणि कपडेही तिथलेच. इंडस्ट्रियल मेटलच्या आधीची पिढी बघा: १९८०मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेला आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन हा बँड भंगारातले पत्रे आणि ड्रिल मशिन वाजवायचा. अशा कामाला रेशमी शर्ट कोण घालणार? जाड बूट, कार्गो पँट, बाजूने भादरलेलं डोकं हा अवतार तिथूनच पुढे आला. शिवाय लष्करी जुन्या मालाच्या दुकानात हे सगळं स्वस्तात मिळायचं.

गणवेशाची गोष्ट मात्र वेगळी. लायबाख हा स्लोव्हेनियातल्या त्रबोव्ल्ये या खाणींच्या गावातला बँड. हुकूमशाहीचा थाट ते इतक्या गंभीर चेहऱ्याने मिरवायचे की टिंगल चाललीय की भक्ती, हेच कळू नये. रामश्टाइन या बँडने (बर्लिन, १९९४) त्यात ज्वाला आणि घाम मिसळला. १९९८च्या एका व्हिडिओत त्यांनी नाझींसाठी चित्रपट बनवणाऱ्या लेनी रीफेन्श्टालच्या ऑलिंपिक चित्रपटातली दृश्यं वापरली आणि जर्मनीत गहजब झाला. आपण डाव्या विचारांचे आहोत हे सांगायला २००१मध्ये त्यांना वेगळं गाणं काढावं लागलं! माझ्या मते ही शैली तिथेच जरा घसरते, कारण लांबून बघणाऱ्याला उपहास दिसत नाही, फक्त बूट दिसतात.

पुढे २०२१मध्ये बालेन्सियागा या महागड्या फॅशन ब्रँडने रामश्टाइनसोबत कपडे काढले. स्वस्तातला अवतार थेट महागड्या शोरूममध्ये.