स्लॅब टाकायचा का कापायचा?

विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की डीएफटीच्या (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करून त्याचे गुणधर्म काढायची पद्धत) सॉफ्टवेअरमधे पृष्ठभाग अभ्यासायला जो स्लॅब, म्हणजे अणूंचा चपटा तुकडा, करतात त्याला मराठीत म्हणायचं काय, लादी, पट्टिका का थर, आणि "आम्ही पाच लेयरचा स्लॅब टाकून वर 15 अँगस्ट्रॉम व्हॅक्यूम दिलं" हे वाक्य मराठी सेमिनारात चालेल का (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग).

माझं मत सांगतो, स्लॅबला स्लॅबच राहू दे. घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात असलेला शब्द आहे, लिंगसुद्धा ठरलंय, तो स्लॅब. गडबड आहे ती क्रियापदात. आपल्याकडं स्लॅब टाकतात, भरतात, नाहीतर "उद्या आमचा स्लॅब पडणार" असं खुशीत सांगतात (बाहेरगावचा पाहुणा असला तर दचकतो बिचारा). म्हणजे आधी काही नसतं, मग ओतून तयार होतं. सॉफ्टवेअरमधे बरोब्बर उलटं. आधी अख्खा स्फटिक असतो, सोन्याचा म्हणा, त्याचा युनिट सेल (परत परत येणारा छोटा ठोकळा) 4.08 अँगस्ट्रॉमचा, आणि त्यातून आपण एक दिशा धरून तुकडा काढतो. कुठं काप घेतला त्यावर तोंडाला कुठले अणू येणार ते ठरतं, झिंक ऑक्साइड 0001 दिशेला (स्फटिकातल्या दिशांना असे आकडे देतात) कापला तर एका अंगाला झिंक आणि दुसऱ्या अंगाला ऑक्सिजन, आणि मग त्या दोन बाजूंच्या फरकामुळं डायपोल करेक्शनचं, म्हणजे त्यातून येणारं खोटं विद्युतक्षेत्र काढून टाकायचं, झेंगट मागं लागतं. म्हणून स्लॅब टाकला नको, कापला म्हणा.

लादी का नको, तर लादीला चार कडा असतात. या स्लॅबला कडाच नाहीत, आजूबाजूला तोच तुकडा परत परत येत राहतो, पिरिऑडिक बाउंडरी म्हणतात ती हीच. पट्टिका पाठ्यपुस्तकी वाटते आणि डोळ्यासमोर अरुंद पट्टी येते, सोडून द्या. लेप किंवा फिल्म हा तर वेगळाच मामला, लॅबमधे काचेवर फिल्म चढवता तेव्हा तिच्या खाली काच असते, स्लॅबच्या मात्र वरही रिकामं आणि खालीही रिकामं. त्याला तोंडं दोन. म्हणूनच पृष्ठऊर्जा (पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा) काढताना स्लॅबच्या ऊर्जेतून तेवढ्याच अणूंची बल्कमधली, म्हणजे अख्ख्या स्फटिकातली, ऊर्जा वजा करून क्षेत्रफळाच्या दुपटीनं भागतात, आणि तो दोन विसरणारे लई जण असतात.

आता थर. हा शब्द मला आतल्या अणूंसाठी राखून ठेवावासा वाटतो, पाच थरांचा स्लॅब, खालचे दोन थर फिक्स, वरचे तीन मोकळे. पण ग्राफीनसारख्या (कार्बनचं एका अणूइतकं पातळ पान, ग्राफाइट अशा पानांचाच बनतो) मटेरियलला थरसुद्धा पुरत नाही, तिथं आपला पदर आणा. पोळीला पदर सुटतात तसं ग्राफाइटचे पदर सुटतात, दोन पदरांत 3.35 अँगस्ट्रॉमचं अंतर आणि ओढ कमजोर. खरी मजा मॉलिब्डेनम डायसल्फाइडला येते, त्याचा पदर एकच पण त्यात अणूंचे थर तीन, मधे मॉलिब्डेनम आणि दोन्हीकडं गंधक. इंग्रजीवाले दोन्हीला लेयर म्हणतात आणि मग कुठला लेयर ते विचारत बसावं लागतं, आपल्याकडं दोन शब्द आयते आहेत तर वापरा की. फक्त "दुपदरी" लिहिताना जरा जपून, हायवेमुळं लोकांना आता पदर म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या लेन वाटतात.

राहिलं व्हॅक्यूम. निर्वात म्हणजे हवा काढून घेतलेलं, इथं हवेचा संबंधच नाही, नुसती रिकामी जागा आहे, तेव्हा पोकळी म्हणा. आणि पोकळी देत नाहीत, सोडतात, जसं दोन घरांच्या मधे अंतर सोडतात. ती फुकट नसते बरं का, प्लेन वेव्ह (अख्ख्या जागेत पसरलेल्या लाटा) वापरणाऱ्या क्वांटम एस्प्रेसो किंवा व्हास्पसारख्या डीएफटी सॉफ्टवेअरमधे रिकाम्या जागेचाही हिशेब होतो, पोकळी वाढवली की गणित लांबतं, आणि कमी सोडली तर स्लॅबला स्वतःचीच वरची नक्कल (तुकडा वर-खालीही परत परत येतो ना) जाणवायला लागते.

यावरून ताईंच्या वाक्यातला "वर" पण खटकतो. नकला खालीवर दोन्हीकडं आहेत, त्यामुळं पोकळी वर असं काही नसतंच. मी असं लिहीन: "आम्ही पाच थरांचा स्लॅब कापला आणि दोन स्लॅबच्या मधे 15 अँगस्ट्रॉम पोकळी सोडली."