म्हापशातील आमच्या दुकानात परत आलेल्या नव्या मिक्सरच्या खोक्यात जुना मिक्सर निघतो. हे कसे रोखावे?
लबाड गिऱ्हाइकापेक्षा काउंटरवरच्या मुलाला मालाची ओळख नसणे, हीच माझ्या मते दुकानाची खरी दुखरी बाजू असते. विकताना अनुक्रमांक बिलावर उतरवावा आणि परत घेताना तो खोक्यावरच्या नव्हे, तर मिक्सरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. पात्यांखाली हळदीचा डाग किंवा खवट खोबऱ्याचा वास असेल, तर माल वापरलेला आहे, हे गोव्यात तरी कोणाला शिकवावे लागू नये. मात्र ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर सरसकट छापू नये, कारण मुदत नमूद नसल्यास सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.