सुळे, आतडी आणि रविवारचं मटण

माणूस मुळात शाकाहारी की मांसाहारी, हा प्रश्न समुपदेशकाकडे का यावा? पण येतो, आणि वरचेवर येतो. सुनेला मासळीशिवाय जेवण जात नाही, मुलानं अचानक अंडंही सोडलं, सासऱ्यांनी माळ घातली आणि घरात दोन वेगळ्या कढया आल्या. वाद पेटला की दोन्ही बाजू निसर्गाला साक्षीला बोलावतात.

कोल्हापूरकडचे एक बापलेक असेच आले होते (ओळखीचे तपशील बदलले आहेत). वडिलांनी तरुणपणी तालीम केलेली. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. त्यानं मटण सोडून आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून सुट्टीतला प्रत्येक रविवार भांडणाचा. आई बिचारी दोघांच्या मधे.

"मॅडम, देवानं सुळे कशाला दिल्यात मग?" वडिलांनी बसल्या बसल्या सुरुवात केली.

"गोरिलाचे केवढे असतात बघा, आबा. पाल्यावर जगतो तो. आणि आपली आतडी लांब आहेत."

दोघांचं मनसोक्त होऊ दिलं. मग मला माहीत होतं तेवढं सांगून टाकलं. मांजराला मांस खावंच लागतं, कारण टॉरीन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. गाईच्या पोटातले जंतू तिला गवत पचवून देतात. आपलं या दोन्हींतलं काहीच नाही. आपल्या लाळेतच पिष्ट पचवायची सोय आहे, क जीवनसत्त्व मात्र शरीरात बनत नाही, ते फळं-भाज्यांतून घ्यावं लागतं. उलट बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. वीस लाख वर्षांहून जुन्या हाडांवर दगडी हत्यारांनी मांस कापल्याच्या खुणा सापडल्या आहेत. थोडक्यात, माणूस मिश्राहारी. दोन्ही पचवू शकतो, आणि नीट आखणी केली तर मांसाशिवाय उत्तम जगू शकतो.

दोघांचेही चेहरे पडले. प्रत्येकाला अर्धाच निकाल मिळाला होता.

"आबा, समजा उद्या शास्त्रज्ञांनी लिहून दिलं की माणूस शाकाहारीच. रविवारी काय कराल?"

"मटणच की."

"आणि तुला, मांसाहारीच असं लिहून दिलं, तर खाशील?"

"नाही."

"मग निकालाची वाट कशाला बघायची?" एवढं विचारून मी गप्प बसले. योग्य वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. मला ते जमतं, असं म्हणायला आता हरकत नाही.

वडील चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "मटण मी करतो, मॅडम. घरची करत न्हाई. सकाळी मीच आणतो, कांदा-खोबरं मीच भाजतो. आठवड्यात तेवढं एकच करतो मी घरच्यांसाठी. ह्यानं वाटी बाजूला सारली की…"

वाक्य पुरं झालं नाही.

मुलगा बराच वेळ खाली बघत होता. "मला वास सहन होत नाही, आबा. बाकी काही नाही. पण नुसतं 'नको' म्हटलं की तुम्ही 'का' विचारता. म्हणून मी आतडी काढली." यावर आई पहिल्यांदा हसली.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारांची माणूस; घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ जास्त दुखावतो, असं ते सांगत. वाटी सरकवण्यानं नव्हे, तर 'ह्यानं मला झिडकारलं' या अर्थानं बाप दुखावला होता. आणि 'मला नको' एवढंच कारण पुरेसं नसतं, असं मुलानं धरलं होतं. घरात साधी आवड-नावड मांडायची सोय नसली की माणसं थेट उत्क्रांतीपर्यंत जातात. अशा घरांत मी आता आहारशास्त्रावर फार वेळ घालवत नाही. विचारते, ताट सरकवलं गेलं तेव्हा नक्की काय लागलं?

तुमच्याही घरी हा वाद असेल, तर 'निसर्गात असंच असतं' हे वाक्य महिनाभर बंद ठेवून बघा. त्याऐवजी 'मला वाईट वाटलं' किंवा 'मला नको' म्हणा आणि समोरच्यानं पुरावा मागू नये. शरीराची काळजी खरी असेल, तर ती डॉक्टरांकडे न्या. मांस सोडणाऱ्यानं डाळी-उसळी, दूध-दही नेमानं खावं. पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळावं. बी-१२ तपासून घ्यावं. दूधही सोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायलाच हवी. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. आणि खाणाऱ्याला पापी ठरवू नये, तसंच सोडणाऱ्याला नाजूक.

वडील आता रविवारी त्याच कांदा-लसूण मसाल्यात वेगळ्या कढईत अख्खा मसूर करतात. मुलगा दोनदा वाढून घेतो म्हणे. बी-१२ चा रिपोर्ट नॉर्मल आला, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. फोनवर म्हणाले, "पुढच्या वर्षी परत बघू."