न्यू जर्सीत नववीला जाताना

पुण्याहून थेट एडिसनच्या सरकारी हायस्कूलमध्ये नववीला जाते आहेस, तर पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरला गाठ. विषय तिथंच ठरतात. गणिताची पातळी चुकीची लागली तर नंतर बदलून घेणं जिकिरीचं होतं. इथं वर्ग शिक्षकांचा असतो. घंटा झाली की दप्तर उचलून पुढच्या खोलीकडे तूच पळायचं, मधे जेमतेम चार-पाच मिनिटं. नववीपासूनचे गुण कॉलेजच्या अर्जात दिसतात, म्हणून दहावी-बारावीची वाट बघू नकोस. एपी, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय, झेपतील तेवढेच घे. मे महिन्यात परीक्षा, गुण १ ते ५. सुरुवातीला डबा एकटीनं खावा लागेल, खरं सांगते. क्लबात नाव घाल, रोबोटिक्स, वादविवाद, काहीही. आणि घर अडीच मैलांहून लांब असेल तर पिवळी बस फुकट मिळते.