लुथरन चर्चमध्ये पाळक नसलेला माणूस उपासना चालवू शकतो का? ट्रेनिंग लागतं का?

हो, पण स्वतःच्या मनाने नाही. 1530 चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार म्हणजे लुथरन श्रद्धेचा मूळ जाहीरनामा, त्याच्या 14 व्या कलमातच आहे की रीतसर बोलावणं असल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस देण्याचा विधी) वगैरे देऊ नये. अमेरिकेतल्या ईएलसीए या मोठ्या लुथरन चर्चमध्ये हे सिनड, म्हणजे चर्चची विभागीय संस्था, बघते. बायबल, लुथरन शिकवण, उपदेश कसा तयार करायचा असं सगळं शिकायचं, बरेच जण नोकरी सांभाळून करतात, आणि मग बिशप परवानगी देतात, तीही एका ठराविक मंडळीपुरती अन् मुदतीची, दुसऱ्या गावी जाऊन प्रभुभोजन दिलं तर चालत नाही. मिसूरी सिनड या अमेरिकेतल्या दुसऱ्या लुथरन चर्चने मात्र 2016 मध्ये ठरवलं की असं काम करणाऱ्या डीकननी, म्हणजे पाळक नसलेल्या परवानाधारक सेवकांनी, पाळकपदाची दीक्षाच घ्यावी. मला पहिली पद्धत जास्त पटते, कारण खेड्यातल्या लहान मंडळीला पूर्णवेळ पाळक परवडत नाही आणि तिला प्रभुभोजनाविना ठेवणं बरोबर नाही.