बेल्जियममध्ये पगार महागाईबरोबर आपोआप वाढतात, तर मग महागाई थांबते कशी?

किमती वाढल्या की पगार वाढणार आणि पगार वाढले की पुन्हा किमती वाढणार, तर हे चक्र बेल्जियममध्ये कोठे तुटते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या देशात महागाई बहुतांशी बाहेरून येते आणि बाहेरूनच ओसरते. तिचा भार कामगाराने सोसायचा की मालकाने, एवढेच पगाराचे सूत्र ठरवते.

2022 मध्ये युरोपात नैसर्गिक वायू कडाडला आणि ऑक्टोबरात बेल्जियममधील महागाईचा दर 12.27 टक्क्यांवर गेला. खासगी क्षेत्रातील लाखो पांढरपेशा कर्मचाऱ्यांचे पगार वर्षातून एकदाच, जानेवारीत, महागाई मोजणाऱ्या किंमत निर्देशांकानुसार बदलतात. त्यांना जानेवारी 2023 मध्ये एका झटक्यात 11.08 टक्के वाढ मिळाली. चक्राचा सिद्धांत शब्दशः खरा असता, तर पुढच्या वर्षी महागाई आणखी चढायला हवी होती. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2023 मध्ये ती 0.36 टक्क्यावर उतरली, कारण वायू स्वस्त झाला होता. अर्थात पगारवाढीचा परिणाम झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. ऊर्जा आणि ताजे खाद्यपदार्थ वगळून मोजलेली महागाई 2023 च्या मध्यापर्यंत 8 टक्क्यांच्या वर होती, कारण उपाहारगृहे किंवा दुरुस्तीची कामे यांसारख्या सेवांची स्पर्धा परदेशाशी नसते आणि तेथे वाढलेला पगार ग्राहकाच्या बिलात उतरतो. रसायने किंवा पोलाद निर्यात करणाऱ्या कारखान्याला मात्र ही मुभा नसते. त्याच्या मालाचा भाव युरोपच्या बाजारात ठरतो, त्यामुळे वाढीव पगार त्याच्या नफ्यातून जातो आणि पुढे गुंतवणुकीला व नोकऱ्यांना त्याची झळ बसते.

पूर्वी यावर अवमूल्यनाचा, म्हणजे आपल्या चलनाची किंमत उतरवून निर्यात स्वस्त करण्याचा, मार्ग होता. फेब्रुवारी 1982 मध्ये बेल्जियमने आपल्या फ्रँकचे 8.5 टक्के अवमूल्यन केले आणि त्याबरोबर निर्देशांकानुसार होणारी पगारवाढ काही काळ रोखली. युरो आल्यावर तो मार्ग बंद झाला. आता ते काम 1996 चा स्पर्धाक्षमतेचा कायदा करतो: जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्स येथील वेतनखर्चाशी तुलना करून निर्देशांकाच्या वर आणखी किती वाढ देता येईल, याची कमाल मर्यादा दर दोन वर्षांनी ठरते. 2023-24 साठी ती शून्य होती. चांगला नफा झालेल्या कंपन्यांना फार तर 750 युरोपर्यंत एकदाच दिला जाणारा भत्ता देण्याची सवलत होती. खरा लगाम येथे आहे आणि कामगार संघटनांचा राग निर्देशांकावर नसून या कायद्यावर आहे, तो त्यामुळेच. निर्देशांकही पूर्ण नाही: 1994 पासून त्यातून तंबाखू, मद्य, पेट्रोल आणि डिझेल वगळले आहे (सरकारने त्याला दिलेले नाव ‘आरोग्य निर्देशांक’, हे वेगळेच), आणि 2015 मध्ये 2 टक्क्यांची एक संपूर्ण वाढ गाळण्यात आली.

आपण आपल्याकडील महागाई भत्त्याशी तुलना केली आहे, ती मला अर्धीच पटते. केंद्र सरकारचा भत्ता जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो आणि तोही ग्राहक किंमत निर्देशांकावरच ठरतो. पण सरकारी कार्यालयाला आपला माल जर्मन कारखान्यासमोर विकायचा नसतो, आणि बेल्जियममधील बहुसंख्य पगार नेमके अशा स्पर्धेत उभ्या असलेल्या खासगी क्षेत्रातून येतात.