मुलगी तमिळ आहे, आई-बाबांचं मन वळेल असा सासर-माहेरच्या भेटीवरचा कोणता सिनेमा दाखवू?

1967चा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ दाखवा, आमच्या दादरच्या घरी हाच लावला होता म्हणून खात्रीने सांगतोय. गोरी मुलगी काळ्या डॉक्टरला घरी आणते आणि आयुष्यभर समानता सांगणारा बाप स्वतःच्या घरात अडतो, त्याच वर्षी जूनपर्यंत अमेरिकेतल्या 17 राज्यांत असं लग्न बेकायदा होतं, तेव्हा त्याची भीती अगदीच पोकळ नाही. दोन्हीकडच्या आया आधी वळतात, बाप अडून बसतात, तिथे बाबांनी आमच्यासमोर पहिल्यांदा टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. फक्त सगळा सिनेमा बोलण्यावर चालतो, आईला इंग्रजी जड जात असेल तर पंजाबी-तमिळ जोडीचा हिंदी ‘टू स्टेट्स’ (2014) लावा.